चष्म्याच्या जागी आक्का

शनिवारी सकाळी साडेनऊला सुनेनं नानांच्या पलंगाच्या कठड्याला एक लोखंडी हात आवळून बसवला, त्याच्या टोकाला काचेचा पडदा अडकवला, तो नानांच्या छातीसमोर ओढून घेतला आणि घरातल्या दोघांना हाक मारली. "या. आता नाना बोलतील."

सासूबाई, म्हणजे माई, ओले हात पुसत आल्या. सुनेचा नवरा हातातल्या वर्तमानपत्रासकट आला. नानांनी मात्र पडद्याकडे पाहिलं तेच मुळी बांधावरच्या खुणेच्या दगडाकडे पाहावं तसं: हा इथलाच, की कोणी सरकवून ठेवलाय?

नाना चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात होते. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात मधे उभं राहून दोघांनाही न आवडणारा आकडा सांगणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. घरात कोणी "फळी साधारण तीन फूट असेल" म्हणालं की नाना उठून टेप आणत. "साधारण म्हणजे काय? फळी आहे तेवढीच आहे." अशा माणसाच्या मेंदूत सहा आठवड्यांपूर्वी रक्ताची एक गुठळी जाऊन बसली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द जिभेपर्यंत येता येता वाट चुकायचे. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर मुंग्यांची रांग उमटायची. घरातल्या फळ्या, दारं, खिडक्या आता कोणीही साधारण कितीही म्हणू लागलं होतं, आणि त्याचंच माईंना सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

सून प्रदर्शनांसाठी बोटानं चालणारे पडदे तयार करायची. तिच्या कामात ओळीच्या ओळी लिहायच्या नसत. संगणकावर छोटे छोटे चौकोन मांडायचे, प्रत्येक चौकोनाकडे एकेक काम सोपवायचं आणि या चौकोनातून त्या चौकोनात तार ओढायची. एक चौकोन बोट कुठे टेकलं ते सांगतो, दुसरा त्याचा हिशेब करतो, तिसरा आवाज काढतो. लग्न झालं त्या वर्षी नानांनी तिच्या खांद्यावरून हा प्रकार एकदा पाहिला होता.

"यात मोजमाप कुठे आहे?" त्यांनी विचारलं होतं.

"ते आतल्या आत होतं, नाना."

"आतल्या आत होतं त्याला मोजमाप म्हणत नाहीत," असं म्हणून ते निघून गेले होते. पुढच्या पाच वर्षांत सासरा-सुनेत याहून मोठं संभाषण झालं नव्हतं. म्हणूनच कामावर एक पडदा जुना म्हणून काढून टाकला तेव्हा सुनेनं तो मागून घेतला, आठ दिवसांची रजा टाकली आणि नानांसाठी हा बोलका फळा तयार केला. आपलं काम रेघोट्यांचं नाही हे त्यांना कळावं असंही तिच्या मनात थोडंसं होतं. थोडंसं म्हणजे बरंच.

फळ्यावर बारा चौकोन होते. आडवे चार, उभे तीन. वरच्या ओळीत पाणी, चहा, दुखतंय, पंखा. मधल्या ओळीत भूक, लघवी, चष्मा, झोप. खालच्या ओळीत डॉक्टरांना बोलवा, आक्काला बोलवा, खिडकी उघडा आणि मला जरा एकटं राहू द्या. प्रत्येकावर मोठं चित्र. बोट लावलं की फळ्यातून नवऱ्याचा आवाज यायचा, कारण नानांच्या आवाजाच्या जवळ जाणारा आवाज घरात तेवढाच होता.

"लावा बोट, नाना," सून म्हणाली.

नानांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि पहिल्याच चौकोनावर टेकवलं.

"मला पाणी हवंय," फळा म्हणाला.

माईंनी डोळ्यांना हात लावला. नवऱ्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली. पाणी आलं, नाना प्यायले, आणि घर सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसलं. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी तर आदल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं: "ते मान हलवतात त्यावर जाऊ नका. या आजारात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. फळा जे म्हणेल ते खरं धरा."

नानांची चहाची वेळ दहाची. दहाला एक मिनिट कमी असताना त्यांनी चहाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मला पाणी हवंय," फळा म्हणाला.

पाणी आलं. नानांनी मान हलवली. सगळ्यांना बाईंचं म्हणणं आठवलं, आणि माईंनी पेला त्यांच्या ओठांना लावला. नानांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा पाणी. अकरापर्यंत चार पेले झाले.

"किती तहानले होते बघ," माई स्वयंपाकघरात सुनेला म्हणाल्या. "सहा आठवडे बिचाऱ्यांना मागता येत नव्हतं."

चार पेले पाणी एका जागी किती वेळ राहणार? सव्वाअकराला नानांनी घाईघाईने मधल्या ओळीतला दुसरा चौकोन दाबला.

"डॉक्टरांना बोलवा," फळा खणखणीत म्हणाला.

माईंच्या हातातलं झाकण पडलं. नवरा धावत आला. नानांचा चेहरा लाल, कपाळावर घाम, बोट पुन्हा फळ्याकडे. "डॉक्टरांना बोलवा. डॉक्टरांना बोलवा." आपल्याच आवाजात आपल्याला कोणी आर्जव करतंय हे नवऱ्याला ऐकवेना. त्याने फोन लावला. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडेच राहायचे. ते दहा मिनिटांत पायजम्यावरच आले आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसले. तिथून त्यांना नाना दिसत होते आणि फळ्याची पाठ दिसत होती.

"काय होतंय नाना?"

"डॉक्टरांना बोलवा."

"अहो, मी आलोय."

"डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्यावर किल्ली ओढून पाहिली. दर वेळी नाना त्यांच्याकडे विनवणीच्या नजरेनं बघत आणि फळ्यावर बोट आपटत. शेवटी माईंनी पलंगाच्या टोकाला पाहिलं. नानांच्या पायाचे अंगठे एकमेकांवर घट्ट आवळलेले होते. "बाजूला व्हा सगळे," त्या म्हणाल्या, "यांना जायचंय." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अंगठ्यांची भाषाही बाईला येऊ लागते.

डॉक्टर मात्र बाहेरच्या खोलीत गंभीर झाले. "मी समोर बसलोय आणि ते मलाच बोलवा म्हणतायत. ओळख पुसट होत असेल तर लक्षण बरं नाही. दोन-तीन दिवस बघू. असंच राहिलं तर बुधवारी मोठ्या दवाखान्यात हलवू. पुन्हा तपासण्या कराव्या लागतील, आणि मग घरी सांभाळणं तुम्हाला जमेल की नाही तेही ठरवावं लागेल."

सुनेनं रात्रीच्या भांड्यांपर्यंत ते वाक्य मनात घोळवलं. फळा चांगला चालत होता. नानाच चालत नव्हते. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटावा की रडू यावं तेच कळेना.

रविवारी सकाळी वर्तमानपत्र आलं. नानांनी ते मांडीवर ओढून घेतलं, डोळे बारीक केले, पत्र लांब धरलं, जवळ धरलं. मग फळ्यावर मधल्या ओळीतला तिसरा चौकोन दाबला. त्यावर चष्म्याचं हे एवढं मोठं चित्र होतं.

"आक्काला बोलवा," फळा म्हणाला.

माई हातातलं काम टाकून आल्या.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बसने तीन तासांवर. बहीणभावांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. आक्कांच्या घराची कुंपणभिंत आपल्या जागेत आली आहे अशी शेजाऱ्याची तक्रार होती, म्हणून आक्कांनी मोठ्या विश्वासाने भावाला बोलावलं होतं. भावाने दिवसभर उन्हात उभं राहून मोजलं आणि चार माणसांत सांगितलं, "शेजारी बरोबर आहे. भिंत दीड फूट आत आहे." भिंत पाडावी लागली. "मी तुला भाऊ म्हणून बोलावलं होतं, मोजणीदार म्हणून नव्हे," एवढं बोलून आक्कांनी दार लावून घेतलं होतं. फळ्यावर त्यांचा चौकोन ठेवला होता तो माईंच्या हट्टामुळे. "कधी वाटलंच त्यांना, तर सोय असावी," असं त्या म्हणाल्या होत्या. आणि आता दुसऱ्याच दिवशी नानांना वाटलं होतं.

"नक्की, अहो?" माईंनी विचारलं.

नानांनी मान जोरजोरात हलवली आणि खात्री करून घ्यायला पुन्हा चष्मा दाबला.

"आक्काला बोलवा."

माईंनी फोन लावला. पलीकडून आक्का म्हणाल्या, "त्यानं स्वतः म्हटलं?"

"स्वतः. दोनदा."

"उद्या सकाळच्या बसने निघते."

सोमवारी दुपारी आक्का आल्या. एक सुटकेस, दोन पिशव्या आणि सहा वर्षांचं साठलेलं बोलणं घेऊन आल्या. त्यांनी पलंगाशेजारी खुर्ची टाकली, भावाचा लुळा हात मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. मधल्या काळात कोण गेलं, कोणाला नातवंडं झाली, गुडघ्याचं दुखणं, त्यावरचे तीन डॉक्टर, तिघांचे तीन स्वभाव. नानांनी सुरुवातीला डोळे मोठे केले, मग मिटले, मग पुन्हा उघडले. दीड तासाने त्यांनी झोपेचा चौकोन दाबला.

"आक्काला बोलवा," फळा म्हणाला.

"अरे, मी इथेच आहे रे. कुठे जात नाही," असं म्हणत आक्कांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि सांगायला नवा विषय घेतला.

नानांनी खाली, अगदी कोपऱ्यातला चौकोन दाबला. मला जरा एकटं राहू द्या. फळ्यातून चकार शब्द निघाला नाही. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, मुठीनं दाबून पाहिलं. खालची ओळच्या ओळ मुकी होती.

मंगळवारी दुपारपर्यंत नानांची दशा पाहवत नव्हती. खांदा दुखतो म्हणून दुखतंय दाबावं, तर "मला चहा हवाय." उकडतं म्हणून पंखा दाबावा, तर "मला चहा हवाय." गरम गरम चहा यायचा, नाना मान हलवायचे, माई म्हणायच्या "निवला असेल" आणि अधिक गरम करून आणायच्या. भूक लागली की डॉक्टर. डॉक्टर आले की तपासायच्या आधी काही खाऊ नका म्हणून सांगायचे. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हातात दिली. "उद्या सकाळी दहाला गाडी सांगा. एक लक्षात घ्या, माणूस इतक्या वेळा बहिणीच्या तोंडासमोर बहिणीला बोलवा म्हणतोय, म्हणजे त्याला ती दिसत नाहीये."

आक्का पलीकडच्या खोलीत पाठ टेकायला गेल्या होत्या. माई दवाखान्याची पिशवी भरत होत्या. सून नानांजवळ येऊन बसली, ती पहिल्यांदाच काही काम न घेता.

"नाना," ती म्हणाली, "फळा तुम्हाला जड गेला का? मी अवघड करून ठेवला का?"

नानांनी तिच्याकडे एकटक पाहिलं. मग डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. पाच वर्षांत त्यांनी सुनेला कधी हातही लावला नव्हता, ती दचकलीच. त्यांनी तिचा हात फळ्याकडे नेला, तिचं पहिलं बोट सरळ केलं आणि चष्म्याच्या बरोब्बर मधोमध टेकवलं.

"आक्काला बोलवा," फळा म्हणाला.

"हो नाना, आल्यात ना त्या," सून सवयीनं म्हणाली, आणि थबकली. तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. बोट चष्म्यावर होतं. तिचं स्वतःचं, धडधाकट, शहाणं बोट.

नानांनी तिचा हात भुकेवर नेला. "डॉक्टरांना बोलवा." लघवीवर नेला. "डॉक्टरांना बोलवा." खिडकीवर नेला. काही नाही. मग त्यांनी मनगट सोडलं आणि हात छातीवर ठेवून ते शांत बसले. मोजणी करून दाखवली होती. आता निकाल समोरच्याने काढायचा.

आता सुनेच्या लक्षात आलं. तीन दिवस या फळ्याला नानांखेरीज कोणाचं बोटच लागलं नव्हतं. तिने स्वतः तयार करताना तपासलं होतं ते माउसने, आणि बोटाने तपासला होता तो फक्त पहिला चौकोन, पाण्याचा. तो बरोबर आला म्हणून बाकीचे अकरा बरोबर असणारच, असं ती साधारण धरून चालली होती.

तिने संगणक आणून नानांच्या पायांवर ठेवला आणि तारांचं जाळं उघडलं. बोट जिथे आहे असं यंत्राला वाटतं, तिथे एक लाल ठिपका दिसेल असा एक चौकोन तिने जोडला. मग फळ्यावर चष्म्याला बोट लावलं. लाल ठिपका आक्कावर पडला. ती बोट उजवीकडे सरकवत गेली. ठिपका मागून रेंगाळत आला आणि बोट उजव्या कडेला पोचलं तरी तो मध्यावरच राहिला. बोट खाली नेलं तर ठिपका त्याच्यापुढे पळत सुटला आणि अर्ध्याच वाटेत फळ्याच्या खालून पसार झाला.

"काच बोटाची जागा अपूर्णांकात सांगते, नाना," ती बोलू लागली. ती त्यांना सांगत होती की स्वतःला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "डाव्या कडेपासून इतका भाग, वरच्या कडेपासून इतका भाग. अगदी डावीकडे शून्य, अगदी उजवीकडे एक. त्या भागाला पडद्याच्या रुंदीनं गुणायचं, उंचीनं गुणायचं, म्हणजे पडद्यावरचा नेमका ठिपका मिळतो. माउस सरळ ठिपक्यांतच बोलतो, त्याला गुणावं लागत नाही. म्हणून माउसनं सगळं बरोबर दिसलं. पण गुणाकार तर मी केलाय. मग—"

नानांनी हात वर केला. तळहात उभा धरला, बोटं छताकडे. मग तोच तळहात आडवा केला. पुन्हा उभा. पुन्हा आडवा.

सून त्या हाताकडे पाहत राहिली. हिशेबाचे चौकोन तिने नव्याने मांडले नव्हते. पक्ष्यांच्या प्रदर्शनातल्या पडद्यासाठी केलेले तसेच उचलून इथे आणले होते. तो पडदा दारासारखा उभा होता. एक हजार ऐंशी ठिपके रुंद आणि एकोणीसशे वीस ठिपके उंच. नानांच्या पलंगावरचा फळा आडवा होता.

"रुंदीला उंचीनं गुणलंय," ती हळूच म्हणाली. "आणि उंचीला रुंदीनं."

नानांनी डोळे मिटून उघडले. चौतीस वर्षांत त्यांनी लांबीच्या जागी रुंदी लिहिलेले किती नकाशे परत पाठवले असतील, त्याला गणती नव्हती.

तिने एक तार उपटली आणि दुसऱ्या चौकोनाला जोडली. नानांचं बोट लगेच संगणकाच्या पडद्यावर आलं: ती दुसरी राहिली. तिने तीही फिरवली. मग त्यांनी स्वतः फळ्यावर बारा चौकोन एकामागून एक, वरून खाली, डावीकडून उजवीकडे तपासले, आणि एकदा संपल्यावर उलट दिशेने पुन्हा तपासले. सून शेजारी बसून प्रत्येक वेळी मान डोलवत होती. हा प्रकार चालू असताना नवरा गाडी ठरवून परत आला. दारात उभं राहून त्याने फळ्याच्या तोंडून स्वतःला ओळीने पाणी, चहा, दुखणं, पंखा, भूक, लघवी असं सगळं मागताना ऐकलं.

"आता हे काय नवीन?" त्याने विचारलं.

"गाडी नको म्हणून कळव," सून म्हणाली. "आणि डॉक्टरांना फोन मी करते. वेडी मी आहे, नाना नाहीत."

डॉक्टर भला माणूस. ते आले, त्यांनी स्वतः बारा चौकोन दाबून पाहिले, चिठ्ठी परत मागून घेतली आणि जाता जाता म्हणाले, "मी एकदा तरी इकडच्या बाजूला येऊन बसायला हवं होतं." राहता राहिल्या आक्का.

त्यांना सांगणं भाग होतं. सून स्वयंपाकघरात गेली. आक्का ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या आणि भावाने सहा वर्षांनी आपल्याला कसं बोलावलं, ते माईंना सातव्यांदा सांगत होत्या.

"आक्का, एक चूक झालीये. माझी," सून म्हणाली. "नानांनी तुम्हाला बोलावलं नव्हतं. ते चष्मा मागत होते. फळा चुकीचं बोलत होता."

माईंनी सुनेकडे असं पाहिलं की तिला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. आक्कांचे हात भाजीवर थांबले. "आणि मी बसले असताना सारखं सारखं म्हणत होता ते?"

"तेव्हा त्यांना झोपायचं होतं."

आक्कांनी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"मग चष्मा दिलात का त्याला?" त्यांनी विचारलं.

तो कोणीच दिला नव्हता. माईंनी नीट राहावा म्हणून कपाटात ठेवलेला चष्मा आक्कांनी काढून घेतला, स्वतःच्या साडीला पुसला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. भावाच्या नाकावर चष्मा चढवून त्या समोर उभ्या राहिल्या. "बोलावलं नव्हतंस हे कळलं मला," त्या म्हणाल्या. "चष्म्यासाठी आले म्हणायचं. पण आलेच आहे तर चार दिवस राहते. चालेल ना?"

नानांचं बोट फळ्यावर इकडून तिकडे फिरलं. पाणी, पंखा, खिडकी, झोप. या प्रश्नाचं उत्तर बारा चौकोनांत कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी चहा दाबला.

"मला चहा हवाय."

"दोन कप टाक गं," आक्का आत वळून म्हणाल्या.

चार दिवसांचे दहा झाले. आक्का बोलत आणि नाना ऐकत. पण अकराव्या दिवशी आक्काच सुनेकडे तक्रार घेऊन आल्या.

"पोरी, याच्याशी बोलण्यात काही राम राहिला नाही. मी काहीही सांगितलं तरी गप्प ऐकून घेतो. जन्मात त्यानं माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलेलं नाही. तू त्या फळ्यावर एक नवा चौकोन कर. चूक आहे, असं म्हणणारा."

"जागा नाही, आक्का. बाराच बसतात."

"मग तो आक्काला बोलवा काढ. आक्का आलीये की."

सुनेनं तसं केलं. या खेपेला बोटानं बारा वेळा तपासलं. आणि त्या दिवसापासून घरात दिवसभर नवऱ्याचा आवाज घुमू लागला. आक्का म्हणत, पूर्वी बोरीचं झाड विहिरीच्या उजव्या हाताला होतं. "चूक आहे." आपल्या शाळेत बेचाळीस मुली होत्या. "चूक आहे." आक्का कंबर कसून भांडत, नाना बोट कसून. वाचा शिकवणाऱ्या बाई एकदा मधेच आल्या आणि पाच मिनिटं ऐकून बाहेर येऊन म्हणाल्या, "मी हळूहळू मुळाक्षरांपासून शिकवत होते. तुम्ही यांना हे काय शिकवलंत?"

पुढच्या रविवारी संध्याकाळी सून खोलीत घडी केलेले कपडे ठेवायला आली होती. आक्का रंगात आल्या होत्या.

"तुझा सासरा लहानपणी किती हट्टी होता म्हणून सांगू. शाळेत चालत जायचा नाही. मी नऊ वर्षांची, हा पाच वर्षांचा, आणि मी याला रोज कडेवर घेऊन जायची. पुरते दोन मैल."

नानांचा हात फळ्याकडे निघाला. पण थोड्या वेळापूर्वी त्यांना चहा पाजताना माईंनी लोखंडी हात बाजूला ढकलून ठेवला होता, आणि फळा वीतभर लांब राहिला होता. नानांनी हात ताणला. बोट पोचेना. आक्का थांबल्या नाहीत.

"दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. शिवाय मधे ओढा."

नानांचा चेहरा लाल झाला. मानेची शीर ताठ झाली, ओठ एकीकडे ओढले गेले, आणि कुठेही तार न जोडलेल्या त्या माणसाच्या घशातून, जाडंभरडं, लटपटत, एक अक्षर आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं.

"चू... क."

सुनेच्या हातातले कपडे पुन्हा उलगडले. दारात माई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चौकटीला धरलं. फळा गप्प होता, त्याच्यावर कोणाचंच बोट नव्हतं. नानांनी स्वतःच्याच तोंडाकडे पाहता आलं असतं तर पाहिलं असतं, अशा नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं.

आक्कांनी मात्र ना डोळ्याला हात लावला, ना भावाच्या तोंडावरून हात फिरवला. खुर्चीत मागे टेकून त्यांनी हाताची घडी घातली.

"चूक, तर मग बरोबर किती ते सांग," त्या म्हणाल्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवून, जन्मात पहिल्यांदाच, गप्प बसल्या.